कार्ल्याच्या खांबावरचा यवन

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यातली गोष्ट. आमचा सातवीतला मुलगा घरी आला, दप्तर कोपऱ्यात टाकले आणि भिंतीकडे तोंड करून बसला. जेवायला उठेना. त्याच्या आईने दोनदा विचारले, आम्ही एकदा रागावलो, तरी शब्द नाही. शेवटी आत्याबाईंनी पाठीवरून हात फिरवला तेव्हा तो बोलला. वर्गात लेण्यांवरून बोलणे निघाले होते. हा म्हणाला, “ती आमची आहेत.” मागच्या बाकावरून उत्तर आले, “तुमची कशी? तुम्ही नवबौद्ध. कालचे. लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची.” सगळा वर्ग हसला म्हणे.

वाचक बंधुभगिनींनो, हा शब्द आपल्यापैकी कोणी ऐकला नाही? कागदावर ऐकला, कचेरीत ऐकला, शेजारणीच्या तोंडून सहज म्हणून ऐकला. १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस आम्ही मुलाला सांगितला, त्याला तो पाठही आहे. पण त्या दिवसाने त्याचे समाधान होईना, कारण त्याला टोचला होता तो ‘कालचे’ हाच शब्द. आम्ही कारखान्यात पाळी करणारी माणसे, पंडित नाही. वाचनालयातून कार्ल्याच्या शिलालेखांवरचे एक जुने पुस्तक आणले, दोन रात्री वाचले आणि रविवारी सकाळी खडकी स्टेशनावर मळवलीची तिकिटे काढली. आम्ही दोघे, दोन मुले आणि सत्तरीला टेकलेल्या आत्याबाई. “मी पायऱ्या चढेन, तुम्ही माझी काळजी करू नका,” असे त्या आदल्या रात्रीच बजावून झोपल्या होत्या.

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल ही या सहलीची गाडी. जलद गाड्या मळवलीला थांबत नाहीत. मुंबईकडून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरावी, पहिलेच स्टेशन मळवली. सकाळची गाडी चुकवू नये, कारण दुपारी लोकल फार कमी असतात. गाडी दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी करीत देहूरोडला आली तशा आत्याबाई उठून खिडकीशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. मुलगा बोटे मोजून म्हणाला, “म्हणजे कालच्याही आदला दिवस.” त्याचा राग अजून उतरला नव्हता.

मळवलीला उतरल्यावर दोन दिशा. दक्षिणेला भाजे, उत्तरेला कार्ले. भाजे पायी जाण्याजोगे, तीनेक किलोमीटर. वाटेत द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडावा लागतो. कार्ल्याचा पायथा चार-पाच किलोमीटर, त्यासाठी रिक्षा करावी. कोणते आधी पाहावे, याचे उत्तर उन्हाकडे आहे. कार्ल्याचे लेणे पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी आत अंधार असतो, दुपार कलली की दारावरच्या मोठ्या कमानीतून ऊन स्तूपाकडे सरकते. तेव्हा सकाळ भाज्याला आणि दुपार कार्ल्याला द्यावी. मात्र संध्याकाळी पाचच्या सुमारास फाटक बंद होते, हे लक्षात ठेवून चारच्या आत वर पोचावे. दोन्हीकडे पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे. पाणी, विजेरी आणि भाकरी घरून न्यावी.

भाजे कार्ल्याहून जुने, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. चैत्यगृहाची दर्शनी बाजू मुळात लाकडाची होती, ती गेली, त्यामुळे आतला स्तूप आज बाहेरूनच दिसतो. खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी घराचे खांब छताचा भार पेलण्यासाठी तिरपे रोवत, तीच सवय कारागिरांनी दगडातही ठेवली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “गावाकडच्या कुडाच्या घरासारखे.” पुस्तकातही हेच लिहिले आहे, फक्त चार पाने घालून.

आत्याबाई मात्र पुढच्या स्तूपांपाशी थांबल्या. तेथे १४ लहान स्तूप एका जागी आहेत, काही खडकाच्या छायेत, काही उघड्यावर. ते या ठिकाणी होऊन गेलेल्या थेरांचे आहेत आणि त्यांतल्या काहींची नावे दगडावर कोरलेली आहेत: धम्मगिरी, अंपिनिक, संघदिन. आत्याबाईंनी तिथेच त्रिसरण म्हटले, मुलांनी साथ दिली. मग सावलीत बसून झुणका-भाकरी खाल्ली. येथे नर्तकी आणि तबल्यासारखे वाद्य वाजवणारी स्त्री कोरलेली आहे, ती शेवटच्या बाजूच्या लेण्यात. घाईघाईत पुष्कळ लोक तिला न पाहताच परततात.

कार्ल्याच्या पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास. आत्याबाईंनी पाच ठिकाणी बसून त्या पार केल्या. दोन्ही बाजूंना फुलांची, नारळांची, सरबताची दुकाने आणि एकवीरा देवीला निघालेल्या कोळी बांधवांची गर्दी. चैत्र आणि नवरात्रात तर पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवसांत लहान मुले व म्हातारी माणसे घेऊन जाऊ नये. देवीचे मंदिर लेण्याच्या दारातच आहे. दर्शनाच्या रांगेशी आपले काही भांडण नाही, पायऱ्या सगळ्यांच्या आहेत. आम्हांला तर त्या कोळणी पाहून एक वेगळाच विचार सुचला, तो पुढे सांगतो.

दारात डाव्या हाताला सिंहस्तंभ, वर चार सिंह. तो गोतीपुत्र अग्निमित्रणक या महारठीने दिला. आत पाऊल टाकले की माणूस आपोआप गप्प होतो. १२४ फूट लांब, सुमारे ४५ फूट रुंद आणि जवळपास तितकेच उंच असे हे दालन अखंड डोंगरातून खोदून काढले आहे. छताच्या सागवानी कमानी मूळच्या आहेत, स्तूपावरची लाकडी छत्रीही. दोन्ही बाजूंना घटात रोवल्यासारखे पंधरा-पंधरा खांब, वर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी. शिलालेखात वैजयंती नगरीचा शेठ भूतपाल सांगतो की हे शैलगृह आपण पूर्ण केले आणि ते सगळ्या जंबुद्वीपात उत्तम आहे. जाहिरात म्हणा हवे तर, पण त्यात खोटे काही नाही.

आमच्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ आपल्या पोरांना सांगत होते, “हे पांडवांनी एका रात्रीत खोदले.” त्यांची चूक नाही, त्यांना त्यांच्या वडिलांनी तसेच सांगितले असेल. पण या डोंगराने आपल्या धन्यांची नावे लपवून ठेवलेली नाहीत. ती खांबाखांबावर लिहिली आहेत. वाचणारे मध्ये नव्हते इतकेच.

आम्ही मुलाच्या हातात विजेरी दिली आणि एक कागद. त्यावर पुस्तकातून तीन ब्राह्मी अक्षरे उतरवून आणली होती. ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर एक उभी रेघ. ‘व’ म्हणजे खाली वाटोळे आणि वर काठी. ‘य’ म्हणजे होडीच्या नांगरासारखा, मधे दांडा आणि दोन्ही बाजूंनी वर वळलेले आकडे. “हात लावायचा नाही, खडू लावायचा नाही, नुसते पाहायचे,” असे सांगून सोडला. दहा-बारा मिनिटांनी त्याची हाक आली. नांगर, वाटोळे, काठी. ‘यवन’.

आत्याबाईंनी विचारले, “यवन म्हणजे मुसलमान का रे?” शिवकाळाच्या गोष्टी ऐकून हा समज आपल्या सगळ्यांचाच झालेला आहे. पण हे खांब उभे राहिले ते इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास. इस्लाम धर्माच्या स्थापनेला अजून पाच-सहाशे वर्षे होती. त्या काळी यवन म्हणजे ग्रीक. त्यांच्या आयोनिया प्रांताच्या नावावरून हा शब्द पूर्वेकडे आला आणि पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कोणालाही लावला जाऊ लागला. कार्ल्याच्या खांबांवर असे पाच-सहा यवन दाते आहेत. सिंहध्वज, यशोवर्धन अशी त्यांची नावे. आणि एकाची नोंद ‘धमयवन’ अशी आहे. धम्म नावाचा यवन असा कोणी अर्थ लावतात, तर कोणी धम्मातला यवन असा.

बहुतेक यवन दात्यांनी आपले गाव धेनुकाकट असे सांगितले आहे. ते नेमके कोठे, यावर विद्वानांचे एकमत नाही. ‘भगवान बुद्ध’ लिहिणारे धर्मानंद कोसंबी आपल्या वाचकांना ठाऊक आहेतच. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. डेक्कन क्वीनने ते पुणे-मुंबई करीत, म्हणजे रोज याच डोंगरांखालून जात, आणि सुटीच्या दिवशी हेच डोंगर पायी हिंडत. त्यांनी धेनुकाकट कार्ल्याच्या परिसरातच असल्याचे मांडले. ते खरे धरले, तर मावळात यवन वस्ती करून राहत होते.

ते आले कोठून? सगळेच समुद्रावरून उतरले असे नाही. सिकंदराच्या स्वारीनंतर वायव्य भागात ग्रीक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, मिलिंद राजा त्यांतलाच. पण दुसरी वाट समुद्राची होती, आणि तिचे एक टोक आपल्या घाटात तर दुसरे भूमध्य समुद्राच्या काठी अलेक्झांड्रियाला होते. सिकंदराने इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये वसवलेले हे शहर पुढे जवळजवळ तीनशे वर्षे टॉलेमी घराण्याची, म्हणजे साऱ्या मिसर देशाची राजधानी होते. अजस्र दीपगृह आणि ग्रंथालय यांसाठी ते प्रसिद्ध. आपला या राजधानीशी संबंध सम्राट अशोकाने जोडला. त्याच्या तेराव्या शिलालेखात ज्या दूरच्या राजांच्या प्रदेशात धम्म पोचल्याचे सांगितले आहे, त्यांत ‘तुरमाय’ आहे. हा तुरमाय म्हणजे अलेक्झांड्रियाचा दुसरा टॉलेमी. उलट दिशेनेही एक नाव आहे. ‘महावंस’ या पाली ग्रंथात अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्म सांगायला आलेल्या थेराचे नाव योन धम्मरक्खित असे आहे. योन म्हणजेच यवन. कोकणाला धम्म सांगणारा स्वतः परदेशी!

प्रवास कसा होता तेही ऐका. अलेक्झांड्रियाचा व्यापारी नाईल नदीतून होडीने वर जाई, मग उंटांवर माल लादून वाळवंट ओलांडी आणि तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके किंवा म्योस होर्मोस या बंदरात जहाजावर चढे. निघायचे जुलैच्या सुमारास, कारण त्यांचे शीड भरणारा वारा आपला मोसमी वारा होता. जो वारा लोणावळ्याला पाऊस पाडतो तोच. स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक लेखकाने एका म्योस होर्मोसहूनच १२० जहाजे हिंदुस्थानला जात असल्याचे लिहून ठेवले आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तिकेत भडोच, सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे आणि पैठण, तेर ही घाटावरची गावे नावानिशी येतात. दारू, तांबे, पोवळे, काच घेऊन यायचे आणि सुती कापड, हस्तिदंत, मिरी, सुगंधी द्रव्ये घेऊन जायचे. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल बैलांच्या पाठीवर बोरघाट चढून मावळात येई. घाट चढून थकलेल्याला पहिला मोठा विसावा या लेण्यांचा. आता कोळणी पाहून आम्हांला काय सुचले ते सांगतो: समुद्राकाठची माणसे आजही तोच घाट चढून याच डोंगरावर येतात.

आणि हिंदी माणसेही तिकडे जात. इसवी सन १०० च्या आगेमागे अलेक्झांड्रियात भाषण देताना दिओ नावाच्या वक्त्याने तमाशे पाहायला बसलेल्या गर्दीत काही हिंदी लोकही असल्याचा उल्लेख केला. त्याच शहरातल्या क्लेमेंट या ख्रिस्ती पंडिताने सुमारे इसवी सन २०० मध्ये ‘बुत्ता’च्या उपदेशाने चालणाऱ्या हिंदी लोकांची नोंद केली. अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे, २०२२ मध्ये त्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली, ७१ सेंटिमीटर उंच, मस्तकामागे प्रभामंडळ असलेली. २०२३ मध्ये ही बातमी जगजाहीर झाली. ती दुसऱ्या शतकातली आणि अलेक्झांड्रियातच घडवलेली असावी, असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज आहे. कार्ल्याला यवनाचा खांब, आणि यवनांच्या मुलखात बुद्धाची मूर्ती.

हे सगळे आम्ही खांबाशी बसून, पुस्तक उघडून सांगितले. पांडवांची गोष्ट सांगणारे गृहस्थही पोरांसकट जवळ येऊन बसले होते. मुलगी लहान, तिला यवनांत रस नव्हता. तिने विचारले, “बाकीचे खांब कोणाचे?” हा प्रश्न आम्हांला जास्त आवडला. कारण यादी पाहण्यासारखी आहे. दरवाजा देणारा सिंहदत्त हा गंधिक, म्हणजे अत्तरे विकणारा. दरवाजा घडवणारा सामी हा सुतार, त्याचेही नाव कोरलेले आहे. आपण घर बांधतो तेव्हा गवंड्याचे नाव दारावर लिहितो का? सोपाऱ्याच्या एका भिक्खूने दिलेल्या खांबात धातू ठेवलेले होते. भिक्खुणी आहेत, व्यापाऱ्यांचा संघ आहे. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला हिचेही दान आहे. आत्याबाईंनी ते नाव दोनदा म्हणवून घेतले. आणि या सगळ्यांची ओळख काय दिली आहे? गाव आणि धंदा. नहपानाचा जावई उषवदात याने येथल्या भिक्खुसंघाला करजिक गाव दिले, पुढे सातवाहनांनीही ते चालू ठेवले. पण राजांच्या त्या मोठ्या लेखांइतकीच सुताराची एक ओळ दगडावर टिकली आहे.

बेडसे या खेपेला झाले नाही. एका दिवसात तिन्ही लेणी पाहण्याचा हावरटपणा करू नये, विशेषतः म्हातारे माणूस बरोबर असताना. बेडसे कामशेतहून जवळ, पवनानगरच्या रस्त्याने, आणि त्याचे तोंड पूर्वेला, म्हणून तेथे सकाळीच जावे. गर्दी नसते. पशूंवर बसलेल्या स्त्रीपुरुषांचे उंच खांब आणि मागची भिंत अर्धगोल असलेला विहार ही तेथली वैशिष्ट्ये. गोभूती नावाच्या अरण्यवासी भिक्खूचा स्तूप त्याच्या शिष्याने केलेला आहे. आम्ही उन्हाळा लागण्याआधी जाणार आहोत. लोणावळ्याची चिक्की, धरण, पॉइंट यांविषयी लिहायला इतर पुष्कळ आहेत.

परतताना घोटाळा झाला. रिक्षा मिळेपर्यंत उशीर झाला, आणि मळवलीला पोचलो तेव्हा लोकल डोळ्यांदेखत सुटली. पुढची गाडी तासाभराने. थंडी पडू लागली होती. आत्याबाई फलाटावरच्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या, त्यांचे गुडघे आम्ही चोळत होतो. मुलगा खाली उकिडवा बसून धुळीत काडीने काही काढत होता. पाहिले तर नांगर, वाटोळे, काठी. त्याच्या शेजारी त्याने पुस्तकातून शोधून आपले नाव ब्राह्मीत लिहायला घेतले होते, आणि एका जोडाक्षरावर अडला होता.

“तो यवन,” आत्याबाईंनी विचारले, “खांब दिल्यावर आपल्या गावी परत गेला का रे?”

“नाही आजी,” तो मान वर न करता म्हणाला. “त्याने गावाचं नाव धेनुकाकट लिहिलंय. म्हणजे तो इथलाच झाला होता.”

मग त्याने बहिणीला बाजूला सरकायला सांगितले, कारण तिचा पाय अक्षरावर पडत होता. तेवढ्यात लोणावळ्याकडून गाडीचा दिवा दिसला.